दोन टनांची ट्रॉली ओढायला जुनी एसयूव्ही: आधी काट्यावर जा, मग गाडी बघा

प्रश्न: सोलापुरात माझा मंडप आणि लाइटचा व्यवसाय आहे. ४० केव्हीएचा सायलेंट जनरेटर दोन एक्सलच्या ट्रॉलीवर बसवलेला आहे. अक्कलकोट, पंढरपूर, बार्शी, तुळजापूर एवढ्या टप्प्यात तो न्यावा लागतो. आजवर भाड्याची पिकअप लावून ओढला, पण लग्नसराईत पिकअप वेळेवर मिळत नाही. घरच्यांनाही वापरता येईल आणि जनरेटरही ओढेल अशी जुनी एसयूव्ही नऊ लाखांत बसवायची आहे. तीन गाड्या पाहिल्या: २०१५ ची स्कॉर्पिओ टू-व्हील ड्राइव्ह, २०१६ ची सफारी स्टॉर्म व्हॅरिकॉर ४००, आणि २०१३ ची फॉर्च्युनर ३.० फोर-बाय-फोर मॅन्युअल, ही दिल्ली पासिंग आहे. भाचा म्हणतो एक्सयूव्ही५०० घ्या, ती जास्त पळते. ट्रॉलीला ब्रेक नाहीत. यातली कोणती घ्यावी?

उत्तर: तुमच्या पत्रात गाड्या आहेत, सालं आहेत, बजेट आहे. भरलेल्या ट्रॉलीचं वजन मात्र नाही, आणि सगळा निर्णय त्याच आकड्यावर उभा आहे. ४० केव्हीएचा कॅनॉपीसकट (आवाज अडवणाऱ्या पेटीसकट) जनरेटर साधारण एक ते सव्वा टन भरतो. दोन एक्सलची लोखंडी ट्रॉली कशी बांधली आहे त्यावर चारशे ते सहाशे किलो. शंभर लिटर डिझेल म्हणजे आणखी ८३-८४ किलो. त्यावर केबलची भेंडोळी, पॅनेल, अर्थिंगचे रॉड, हत्यारांची पेटी, आणि जागा दिसली की पोरं टाकतात तो लोखंडी स्टँड. म्हणजे पावणेदोन टनांपासून सव्वादोन टनांपर्यंत काहीही असू शकतं, आणि या अर्ध्या टनात गाडीची निवड बदलते. मार्केट यार्डाच्या आसपास वजनकाटे आहेत. कामाला निघता तशी पूर्ण भरलेली ट्रॉली काट्यावर चढवा, गाडीपासून सोडवा आणि नुसत्या ट्रॉलीची पावती घ्या. पुढचं सगळं आम्ही ट्रॉली २,००० किलोची धरून लिहितो आहोत. तुमचा आकडा वेगळा निघाला तर त्या प्रमाणात बदल करा.

आता गाडीकडे बघण्याची नजर थोडी बदलावी लागेल. ओढण्याच्या ताकदीची काळजी लोक नको तितकी करतात. गाडी आणि ट्रॉली मिळून चार टन वजन पाच टक्क्यांच्या चढावर ताशी ४० किलोमीटरने न्यायला चाकांशी साधारण २७ किलोवॅट, म्हणजे ३६-३७ हॉर्सपॉवर लागते. तुम्ही पाहिलेल्या प्रत्येक गाडीकडे ती तिपटीने आहे. गाडी कमी पडते ती तीन ठिकाणी: थांबवताना, उभ्या चढावरून हलवताना क्लचमध्ये, आणि मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना इंजिन थंड ठेवण्यात.

थांबवण्याचं आधी. दोन टनांची ट्रॉली ताशी ६० च्या वेगात असते तेव्हा तिच्यात सुमारे २७८ किलोज्यूल ऊर्जा असते, ८० ला ती ४९४ होते. वेग फक्त तिसऱ्या हिश्श्याने वाढला, पण ब्रेकना जिरवावी लागणारी उष्णता पाऊणपटीहून जास्त वाढली. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ही सगळी उष्णता गाडीच्या चार चाकांवर येते, तीही गाडीच्या स्वतःच्या दोन टनांबरोबर. वळणावर ब्रेक दाबला तर मागची ट्रॉली गाडीच्या ढुंगणाला ढकलते आणि गाडी मधोमध दुमडल्यासारखी आडवी होते. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरची कमाल मर्यादा ७५० किलो आहे. तुमची ट्रॉली त्याच्या जवळजवळ पावणेतीन पट आहे. म्हणून आमचं सगळ्यांत ठाम म्हणणं हे की नऊ लाखांतला पहिला खर्च गाडीवर न करता ट्रॉलीच्या ब्रेकवर करा. ब्रेक बसत नसतील तर कोणतीही एसयूव्ही घेऊ नका.

तुमच्या वजनाला ओव्हररन ब्रेक सर्वांत सोयीचा. यात दांड्याच्या टोकाचं कपलिंग सरकतं असतं. गाडी मंदावली की ट्रॉली पुढे रेटते, कपलिंग आत दबतं आणि ती हालचाल रॉडने किंवा केबलने ट्रॉलीच्या ब्रेक ड्रमपर्यंत जाते. गाडीत वेगळी वायरिंग किंवा कंट्रोलर लागत नाही. घेताना कपलिंगवर किती किलोपासून किती किलोपर्यंतच्या ट्रॉलीसाठी आहे हे छापलेलं पाहा. जास्त क्षमतेचं घेतलं की चांगलं असं इथे नसतं. साडेतीन टनांचं कपलिंग दोन टनांच्या ट्रॉलीला लावलं तर ते पुरेसं दबतच नाही. रिव्हर्स घेताना हेच कपलिंग दबून ब्रेक लागतात, म्हणून ऑटो-रिव्हर्सचे ड्रम किंवा निदान अडवणारी खिट्टी हवी. खिट्टी असेल तर रिव्हर्सनंतर ती काढायची आठवण ड्रायव्हरला पक्की पाहिजे, कारण राहिली तर ट्रॉली पुन्हा बिनब्रेकची. सोबत हँडब्रेक आणि ब्रेकअवे केबल घ्या. ट्रॉली निसटलीच तर ही केबल ताणून ब्रेक लावते आणि मग तुटते. ती सुरक्षेच्या साखळ्यांपेक्षा वेगळी, दोन्ही लागतात. साखळ्या दोन, आणि दांड्याखाली फुलीसारख्या एकमेकींवरून नेलेल्या, म्हणजे दांडा सुटला तरी जमिनीत न रुतता साखळ्यांवर तोलला जातो.

दुसरी गोष्ट नाकाचं वजन, म्हणजे ट्रॉलीचा दांडा गाडीच्या मागच्या बॉलवर, ज्या लोखंडी गोळ्यावर तो अडकतो त्यावर, किती दाबतो ते. हे एकूण वजनाच्या सात ते आठ टक्के ठेवा. दोन टनांना १४० ते १६० किलो. कमी झालं तर ट्रॉली ६० च्या पुढे शेपटी हलवायला लागते आणि एकदा ही झुलणी वाढली की ड्रायव्हरच्या हातात फारसं काही उरत नाही. जास्त झालं तर गाडीचा मागचा भाग बसतो आणि पुढची चाकं हलकी होतात. स्कॉर्पिओचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, २,६८० मिलिमीटर आहे. बॉल मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागे धरला आणि त्यावर १६० किलो आले, तर पुढच्या एक्सलवरून सुमारे ७२ किलो उचलले जातात आणि मागच्या एक्सलवर २३२ किलो चढतात. मागे पाच माणसांचं सामानही भरलेलं असेल तर मागचा एक्सल कुठे पोहोचला याचा हिशोब तुम्हीच करा.

नाकाचं वजन मोठ्या काट्यावर नीट कळत नाही, त्याचं एक घर पाच किंवा दहा किलोचं असतं. घरचा वजनकाटा वापरा. एक दणकट फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर, दुसरं टोक काट्यावर, दोन्ही टेकूंत तीन फूट अंतर, फळी सपाट. विटेपासून एक फुटावर दांड्याचं टोक टेकवा. काटा दाखवेल त्याच्या तिप्पट म्हणजे नाकाचं वजन. फळीमुळे आधीच दिसणारे दोन-चार किलो वजा करायला विसरू नका, आणि ट्रॉलीच्या चाकांना आधी ओट लावा. आकडा चुकला तर जनरेटर सरकवायचा. एक्सलच्या मध्यापासून बॉलपर्यंत तीन मीटर अंतर असेल आणि जनरेटर १,२५० किलोचा असेल तर तो दहा सेंटिमीटर पुढे घेतल्याने नाकावर जवळजवळ ४२ किलो वाढतात. म्हणजे फाउंडेशनचे बोल्ट एक भोक पुढेमागे केले तरी फरक पडतो. हे एकदा नीट जमवलं की त्या जागी ट्रॉलीच्या पत्र्यावर रंगाने खूण करून ठेवा. एक लक्षात असू द्या: जनरेटर रबरी माउंटिंगवर असतो. प्रवासात तो डोलतो आणि रबर फाटतं, म्हणून वाहतुकीत त्याची फ्रेम पट्ट्यांनी ट्रॉलीला आवळलेली हवी.

आता गाड्या.

एक्सयूव्ही५०० बाद. ती वाईट गाडी म्हणून नव्हे. तिला स्वतंत्र चासी नाही, बॉडीच सांगाडा आहे, आणि टू-व्हील ड्राइव्ह मॉडेलमध्ये ओढ पुढच्या चाकांची. वर सांगितलं तसं नाकाचं वजन पुढची चाकं हलकी करतं, म्हणजे जी चाकं ओढणार तीच जमिनीवरून सुटायला बघतात. ओल्या मैदानातून ट्रॉली बाहेर काढताना ती जागीच फिरतील. हॅरियर, हेक्टर, क्रेटा यांनाही हेच लागू. भाच्याला सांगा, पळण्याचा इथे संबंध नाही.

स्कॉर्पिओ चासीवरची आहे, मागच्या चाकांना ओढ आहे, तिचे पार्ट प्रत्येक तालुक्यात मिळतात आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्रीही. २०१५ च्या एमहॉक इंजिनाला १२० बीएचपी आणि २८० न्यूटन-मीटर टॉर्क आहे. अडचण वजनाची आहे. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचं रिकामं वजन भरलेल्या ट्रेलरहून जास्त असावं हा जुना आणि चांगला ठोकताळा आहे, आणि स्कॉर्पिओ दोन टनांच्या खालीच राहते. शिवाय ती उंच आणि अरुंद. ट्रॉली सव्वा ते दीड टनाच्या आत असती तर आम्ही डोळे मिटून स्कॉर्पिओ सांगितली असती. २५ केव्हीएचा जनरेटर घेऊन हलकी ट्रॉली बांधायचा तुमचा विचार असेल तर अजूनही तीच सांगू.

राहिल्या दोन. स्टॉर्म व्हॅरिकॉर ४०० ला १५६ पीएस आणि ४०० न्यूटन-मीटर, तेही १,७५० आरपीएमपासून, सोबत सहा गेअर. चासी भक्कम. लष्कराने २०१७ मध्ये ३,१९२ स्टॉर्म मागवल्या होत्या त्या उगाच नाहीत. उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं, इंजिन-गेअरबॉक्सचं सामान मिळतं, पण बॉडीचे तुकडे, काचा, दिवे यांसाठी शोधाशोध करावी लागते. व्हीलबेस २,६५० मिलिमीटर, तिघींत सर्वांत आखूड. आखूड गाडी ट्रॉलीच्या धक्क्याने लवकर हलते, म्हणून हिच्या बाबतीत नाकाचं वजन आणि वेग दोन्ही जास्त काटेकोर पाळावे लागतील.

फॉर्च्युनर ३.० मध्ये १७१ पीएस आणि ३४३ न्यूटन-मीटर. आकड्यात टॉर्क स्टॉर्मपेक्षा कमी, पण तो १,४०० आरपीएमलाच मिळतो, आणि ट्रॉली हलवताना याच पट्ट्याला किंमत असते. व्हीलबेस २,७५० मिलिमीटर. आणि मोठी गोष्ट ही की या मॅन्युअल फोर-बाय-फोरमध्ये फोर-व्हील ड्राइव्ह कायम चालू असतो, आणि पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये आहे. म्हणून डांबरावर किंवा सिमेंटच्या आवारातही चारही चाकांच्या ओढीवर ट्रॉली हळूहळू मागे घेता येते. मंडपाच्या जागेत जनरेटर कोपऱ्यात बसवायला पाच-दहा वेळा पुढेमागे करावं लागतं, आणि क्लच प्लेट जळते ती हायवेवर नाही, इथे. पार्ट-टाइम फोर-बाय-फोर गाड्यांत कोरड्या टणक जमिनीवर तसं करता येत नाही, पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ बसतो. पंढरपूरच्या वाळवंटात किंवा पावसानंतरच्या काळ्या रानात मात्र दोन्ही प्रकार कामी येतात.

या जुन्या ३.० इंजिनाच्या दोन खोडी माहीत असू द्या. इंजेक्टरच्या बुडाचं तांब्याचं सील गळायला लागलं की जळालेला वायू वरून आत शिरतो, काजळी ऑइलमध्ये उतरते आणि सम्पमधली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीतली) गाळणी तुंबते. मग ऑइलचा दाब पडतो आणि इंजिन बसतं. गरम इंजिनवर ऑइलची टोपी उघडून पाहा: फटफट वाफ येत असेल, टोपीखाली डांबरासारखा थर असेल तर सम्प उघडून गाळणी दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरं, या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो बदलल्याची पावती नसेल तर बदलायचाच आहे असं धरून भाव करा.

बजेट वाढलं तर २०१६ नंतरची एंडेव्हरही या कामाची: ३.२ इंजिनाला ४७० न्यूटन-मीटर, व्हीलबेस २,८५० मिलिमीटर, वजन सव्वादोन टनांच्या वर. पण फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याचं जाहीर केलं, आणि या ३.२ इंजिनात ऑइल बदलताना सम्प बराच वेळ रिकामा ठेवला तर ऑइल पंपातला भरणा निघून जातो, मग सुरू केल्यावर दाबच येत नाही. हे ठाऊक असलेला मिस्त्री जवळ असेल तरच तिच्या वाटेला जा.

म्हणजे आमचा कौल फॉर्च्युनरला, कागद आणि तपासणी खरी ठरली तर. नाही ठरली तर स्टॉर्म. आणि त्याआधी एक चाळणी: त्या गाडीच्या मूळ मॅन्युअलमधलं ट्रेलरचं पान काढा. इथल्या बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ओढायच्या वजनाचा आकडाच नसतो, काहींत ट्रेलर लावू नका असं स्पष्ट छापलेलं असतं. छापलेलं असेल तर गाडी कितीही दणकट वाटली तरी या कामाला नाही. विक्रेता म्हणेल, हीच गाडी ऑस्ट्रेलियात तीन टन ओढते. तिथे विकली जाणारी गाडी नावाने तीच असली तरी तिचं हिच (ट्रॉली जोडायचा मागचा सांगाडा), स्प्रिंगा, कूलर आणि टायर त्या देशाच्या मंजुरीप्रमाणे येतात. तो आकडा इथल्या गाडीला जसाच्या तसा लावता येत नाही.

तपासायला जाताना सकाळी लवकर जा आणि मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड पाहिजे. सुरुवात मागून, गाडीखाली. बंपरच्या आत चासीच्या शेवटच्या आडव्या पट्टीजवळ नवी-जुनी भोकं, वेल्डिंगच्या रेघा, वर काळा रंग मारलेला तुकडा दिसतो का पाहा. आधी कोणी हुक लावून ओझं ओढलं असेल तर तिथे खुणा राहतातच. नखाने रंग खरवडा. वेल्डच्या कडेने केसासारखी चीर दिसली तर तिथेच नमस्कार करून निघा.

मग कूलिंग. थंड इंजिनवर वरचा होज हाताने दाबा, तो मऊ पाहिजे. रात्रभर उभ्या गाडीत तो फुगलेला असेल तर हेड गॅस्केटचा संशय. कूलंट स्वच्छ रंगाचा हवा. गंजाळलेलं पाणी म्हणजे आतल्या नळ्या अर्ध्या बुजलेल्या, आणि वर्षानुवर्षं बोअरचं क्षारपाणी ओतलेल्या रेडिएटरचं हेच होतं. बाहेरून टॉर्च मारून एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट बघा. तिथे उसाच्या पाचटाचा भुगा आणि धूळ गादीसारखी साचते, आणि समोरून धुतलेली गाडी आत तशीच असते. फॅनवर व्हिस्कस कपलिंग असेल तर इंजिन गरम झाल्यावर बंद करा आणि पात्याला हाताने फिरवून बघा. ते जड जाणवलं पाहिजे. भिंगरीसारखं गरगर फिरलं तर कपलिंग गेलं. नेहमीच्या वापरात ते कळत नाही, ट्रॉली जोडली की पहिल्या घाटात काटा वर जातो.

क्लचची परीक्षा साधी आहे. गाडी गरम करा, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४०-५० ला चौथा गेअर टाका आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उडी मारून वर गेला आणि वेग मागे रेंगाळला तर प्लेट संपली. ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचमागचं दोन भागांचं जड चाक) असलेल्या गाडीत बंद करताना ढकढक आवाज, हलवताना थरथर येत असेल तर नुसती प्लेट बदलून भागत नाही आणि खर्च मोठा होतो. तो भावातून आधीच वळता करा.

डिफरन्शियलकडे लोक बघत नाहीत, आणि ओझं ओढणाऱ्या गाडीत आयुष्य तिथेच झिजतं. ६० ते ८० च्या मध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना कान द्या. दाबल्यावर हुंकार आणि सोडल्यावर वेगळा सूर म्हणजे क्राउन-पिनियनची, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मुख्य दातेरी चाकांची झीज. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळपट मलमासारखी लोखंडाची बारीक पूड चालते, टोचणारे कण नाही. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेला पूर लक्षात घेता आपल्या भागातली कोणतीही जुनी गाडी घेताना हे पाहाच. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून काढा, पाण्यात बुडालेल्या गाडीचा पट्टा वरून धुतला जातो पण आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहते. गालिच्याखालचे वायरचे कनेक्टर हिरवे पडलेत का तेही.

ब्रेक ऑइल काळं दिसलं तर बदलल्याशिवाय ट्रॉली जोडू नका. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतली ओल शोषून घेतल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. उतारावर ऑइल उकळलं की पेडल थेट तळाला जातं. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्निअरने मोजून घ्या. टायरच्या बाजूला चार आकड्यांची तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही उरली असली तरी या कामाला नको. ट्रॉलीचे टायरही याच नियमात. ट्रॉलीला जुने कारचे टायर बसवायची आपल्याकडे सवय आहे. तुमची दोन एक्सलची असल्याने एका टायरवर साधारण ४६० किलो येतात, पण खड्ड्यात एक एक्सल उचलला की क्षणभर दुप्पट. लोड इंडेक्स १०४ म्हणजे ९०० किलो, तेवढा तरी ठेवा.

हिच बनवताना फॅब्रिकेटर म्हणेल, चासीला वेल्ड मारून देतो, लोखंडाला लोखंड धरतं. नाही म्हणा. वेल्डच्या उष्णतेने शेजारचा पोलाद कडक आणि ठिसूळ होतो, आणि रोजच्या हिसक्यांनी तिथूनच चीर जाते. प्लेट बोल्टनेच बसवा: प्रत्येक बाजूला चासीवर पुढेमागे निदान दोन-दोन ठिकाणी, १०.९ ग्रेडचे १२ मिलिमीटरचे बोल्ट. चासीची दांडी पोकळ चौकोनी असते, नुसता बोल्ट आवळला तर पत्रा आत दबतो आणि बोल्ट काही दिवसांत ढिला होतो. म्हणून आत बोल्टभोवती पोलादी नळीची स्लीव्ह घालायची. भोक दांडीच्या उभ्या बाजूच्या मध्यावर, वरच्या-खालच्या कडेला कधीच नाही. आणि ट्रॅक्टरची पिन नको. पिनेत सैलपणा असतो, प्रत्येक गेअरला ट्रॉली ठोकर मारते. ५० मिलिमीटरचा बॉल घ्या, उंची अशी की जोडल्यावर ट्रॉली जमिनीला समांतर राहील. या गाड्या उंच असल्याने खाली उतरणारी प्लेट बहुतेक लागेलच. दिव्यांसाठी सात पिनांचं सॉकेट रिले लावून, वेगळ्या फ्यूजमधून.

कागदांचं. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यामुळे तिथून मोठ्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. गाडी त्यामुळे वाईट ठरत नाही, पण एनओसी 'मिळेल' असं ऐकून पैसे देऊ नका. फॉर्म २८ ची एनओसी सोलापूर आरटीओच्या नावाने निघालेली हातात पाहिजे, नोंदणी रद्द झालेली नसावी, आणि कर्ज असल्यास फॉर्म ३५. इथे आल्यावर फॉर्म २९, ३० आणि नव्या नंबरसाठी फॉर्म २७, वर महाराष्ट्राचा रोड टॅक्स. तो किती बसेल हे आरटीओत विचारून मगच भाव ठरवा. २०१३ ची गाडी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होईल. पुढे फिटनेस, पर्यावरण कर आणि पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. चासी नंबर गाडीवर कोरलेला आणि आरसीवरचा अक्षरन् अक्षर जुळवा. त्याच आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. तुमच्या काट्याच्या पावतीशेजारी ते ठेवून पाहा.

मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याला स्वतःची नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही मागे दिसावा लागतो. हुक लावणं हा गाडीतला बदल धरला जाऊ शकतो, तेही आधी आरटीओत विचारा. सर्वांत अवघड जागा विम्याची आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात: भाड्याने वापर आणि नमुने किंवा स्वतःचं सामान सोडून मालवाहतूक यांना संरक्षण नाही. तुमचा जनरेटर व्यवसायाचा आहे. अपघात झाला तर कंपनी याच ओळीवर बोट ठेवेल आणि समोरच्याची भरपाई तुमच्या अंगावर येऊ शकते. म्हणून विमा कंपनीकडून ट्रेलर ओढण्याला आणि या वापराला लेखी मान्यता, आणि ट्रेलरचा स्वतंत्र विमा, हे दोन्ही ॲडव्हान्स देण्याआधी मिळवा. कंपनी तयार नसेल तर एसयूव्हीचा नाद सोडा आणि माल वाहनाची नोंदणी असलेला डबल कॅबिनचा पिकअप बघा. घरच्यांना थोडं कमी आरामाचं, पण धंद्याला नीट.

नऊ लाखांतले निदान सव्वा लाख बाजूला काढून गाडीचा भाव सात-पावणेआठच्या आत बसवा. ट्रॉलीचे ब्रेक, हिच, सगळी ऑइलं, टायर आणि बहुतेक क्लच यांतच ते जातात.

पहिली फेरी पहाटे काढा, ट्रॉली भरूनच, पण कामावर नाही. मोहोळपर्यंत जाऊन या. वेग ५० ते ६०. वीस किलोमीटरला थांबून ट्रॉलीच्या प्रत्येक हबला हात लावा. एकच हब जास्त तापला असेल तर त्याचं बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक घासतोय. पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि हिचचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. हे नीट पार पडल्यावर तुळजापूर. चढताना एसी बंद ठेवा, तापमानाचा काटा बघत जा. उतरताना घाटाच्या तोंडाशीच दुसरा गेअर टाका आणि इंजिनवर उतरा. ओव्हररन कपलिंग उतारावर सतत थोडं दबलेलं असतं, त्यामुळे ट्रॉलीचे ब्रेक तुम्ही पेडल न दाबताही तापत असतात. मध्ये वास आला किंवा ट्रॉली झुलायला लागली तर ब्रेक किंवा स्टिअरिंगचा झटका देऊ नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. मग बाजूला उभी करून ड्रम निवेपर्यंत अर्धा तास थांबा, आणि त्यावर पाणी ओतू नका. तापलेला ड्रम तडकतो.